दोनदा सरचिटणीस झालेला माणूस

व्हिएटनाम म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे हो चि मिन्ह यांची ती विरळ दाढी येते. फार तर दिएनबिएनफूचे जनरल जियाप आठवतात. मला मात्र त्या पिढीतला सर्वांत विलक्षण पुढारी वाटतो तो त्रुओंग चिन्ह. ज्या खुर्चीवरून त्याला १९५६ साली खाली उतरावे लागले, त्याच खुर्चीवर तो तीस वर्षांनी, ऐंशीच्या घरात असताना पुन्हा बसला; आणि बसला तो बव्हंशी आपल्याच हातच्या गाठी सोडवायला.

त्याचे मूळ नाव डांग सुआन खू. जन्म १९०७ चा, नाम दिन्ह प्रांतातल्या एका विद्वान घराण्यातला. विद्यार्थिदशेतच तो चळवळीत पडला. १९३० साली फ्रेंचांनी पकडून बारा वर्षांची शिक्षा ठोठावली. पुढे पॅरिसमध्ये डाव्या पक्षांचे सरकार आले म्हणून १९३६ मध्ये सुटका झाली. सुटल्यावर जियापच्या जोडीने त्याने शेतकऱ्यांच्या प्रश्नावर पुस्तक लिहिले. त्रुओंग चिन्ह हे मागाहून घेतलेले नाव. त्याचा अर्थ ‘दीर्घ कूच’! माओच्या चीनकडे ओढा किती, हे नावच सांगते. १९४१ साली चिनी सरहद्दीलगतच्या पाक बो येथील बैठकीत तो पक्षाचा सरचिटणीस झाला. मोजूनमापून बोलणारा हा गृहस्थ टोपणनावाने कविताही करी, हे सांगितले तर कुणाला खरे वाटू नये.

१९५३ साली जमीनवाटप सुरू झाले. त्यासाठी नेमलेल्या मध्यवर्ती समितीचा प्रमुख हाच. कसणाऱ्याला जमीन द्यायची, हा हेतू वाईट कोण म्हणेल? पण गावात शेकडा पाच तरी जमीनदार असलेच पाहिजेत, असा हिशेब वरून आला. मग जिथे जमीनदार नव्हते तिथे ते ‘शोधण्यात’ आले! चव्हाट्यावर खटले चालले. पहिल्याच बळींत न्गुयेन थी नाम ही व्यापारी बाई होती. तिने क्रांतीसाठी सोने दिले होते, तिचे मुलगे क्रांतीच्या सैन्यात होते. तरी तिला गोळी घालण्यात आली. किती माणसे अशी गेली याविषयी इतिहासकारांत एकमत नाही, पण अंदाज हजारांच्या घरात आहेत. १९५६ च्या ऑक्टोबरात जनरल जियापनी हनोईत जाहीरपणे चुकांची कबुली दिली आणि त्रुओंग चिन्हला सरचिटणीसपद सोडावे लागले. मेलेल्यांच्या मानाने ही शिक्षा ती काय!

बरे, एवढ्यावर माणूस निवळला म्हणावे, तर तसेही नाही. विन्ह फुक प्रांताचा पक्षप्रमुख किम न्गोक याने १९६६ पासून सहकारी शेतीतली जमीन घराघराला वाटून कसायला द्यायला सुरुवात केली. घरचे शेत म्हटल्यावर माणूस पहाटे उठतो, हे सांगायला अर्थशास्त्री कशाला हवा? पण १९६८ साली त्रुओंग चिन्हने ही वाट चुकीची ठरवली आणि तो प्रयोग बंद पडला. किम न्गोक १९७९ मध्ये वारला.

देश १९७५ साली एक झाला, पण घरातले हाल संपेनात. तांदूळ कुपनावर, कापड कुपनावर. हनोईतल्या गृहिणी रांगेत आपल्या जागी वीट ठेवून दुसऱ्या कामाला जात, एवढी ती रांग लांब! १९८५ साली जुन्या दहा डोंगांना एक नवा डोंग अशी नाणेबदली झाली, आणि १९८६ मध्ये भाववाढ सातशे टक्क्यांच्या वर गेली. पगार हाती येईपर्यंत त्याची माती होई.

जुलै १९८६ मध्ये सरचिटणीस ले दुआन वारले आणि त्यांच्या जागी त्रुओंग चिन्ह आला. अधिवेशनासाठी तयार असलेला अहवाल त्याने नव्याने लिहून घेतला. त्यात उतावळेपणाचा दोष पक्षाने स्वतःकडे घेतला, आणि डिसेंबरच्या सहाव्या अधिवेशनात ‘दोई मोई’चे, म्हणजे नूतनीकरणाचे धोरण मंजूर झाले.

मॉस्कोत गोर्बाचेव्ह आले म्हणून म्हाताऱ्याने वारा पाहून पाठ दिली, असे म्हणणारे आहेत. मला ते अर्धेच पटते. गोर्बाचेव्ह सत्तेवर आले १९८५ साली. हा गृहस्थ १९८३ मध्येच दक्षिणेतले कारखाने हिंडून व्यवस्थापकांना प्रश्न विचारीत होता, तरुण अर्थतज्ज्ञांना घरी बसवून ऐकत होता. पंचाहत्तरी उलटल्यावर शिकवणी लावणारे पुढारी मी फार पाहिलेले नाहीत. मात्र किम न्गोकचे काय, हा प्रश्न मला त्याला विचारावासा वाटतो. त्या अधिकाऱ्याला सरकारी मानसन्मान मिळाले, पण मरणानंतर.

अधिवेशनातच त्रुओंग चिन्हने सरचिटणीसपद सोडले. एप्रिल १९८८ मध्ये पक्षाने ठराव करून शेतीचा कारभार घराघराकडे सोपवला. त्याच वर्षी ३० सप्टेंबरला त्रुओंग चिन्ह हनोईत वारला. पुढल्या वर्षी, धान्य बाहेरून आणणाऱ्या व्हिएटनामने दहा लाख टनांहून अधिक तांदूळ परदेशी विकला.