सल्ला जुना, मोटार नवी

कांदिवलीच्या पूर्वेस आकुर्ली रस्त्यालगत महिंद्रा अँड महिंद्रा कंपनीचा जो कारखाना आहे, तेथे 1963 साली स्थापन झालेल्या इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनीने 1965 साली आपले पहिले ट्रॅक्टर बाहेर काढले, आणि तेव्हापासून पाना-पक्कड सहजतेने हाताळणारा कामगार हा या उपनगराच्या लोकवस्तीचा एक ठळक घटक झाला. पुढे चारकोपला म्हाडाची वसाहत उभी राहिली, ठाकूर व्हिलेज आणि लोखंडवाला संकुल यांच्या इमारतींनी पूर्वेकडचा मोकळा मुलूख व्यापला, घरोघर मोटारी आल्या. तरी रविवारी सकाळी पार्किंगमध्ये कोणी बॉनेट उघडले की दोन शेजारी जमतात आणि तिसरा सल्ला देतो, ही रीत काही मोडलेली नाही. हे सल्ले बहुधा प्रामाणिक असतात, फुकट असतात, आणि गॅरेजच्या बिलाशी ताडून पाहिले असता मोहकही वाटतात. त्यांतला कोणता स्वीकारावा आणि कोणता आदरपूर्वक बाजूस ठेवावा, याचा निवाडा करावयाचा तर सल्ल्यामागचे कारण विचारावे आणि ते कारण आपल्या मोटारीत अद्याप शिल्लक आहे की नाही याची खातरजमा करून घ्यावी. कारण यंत्रे ज्या वेगाने पालटतात त्या वेगाने यंत्रांविषयीच्या समजुती पालटत नाहीत.

पद्मिनीच्या काळाचा वारसा

या समजुतींचे मूळ बहुतांशी एकाच वाहनात सापडते. वालचंद हिराचंद यांनी 1944 साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून प्रथम फियाट म्हणून व पुढे प्रीमियर पद्मिनी या नावाने जी गाडी निघाली, तिच्या मालकाला निम्मा मिस्त्री होण्यावाचून गत्यंतरच नव्हते. डिसेंबर 1983 मध्ये मारुती 800 रस्त्यावर येईपर्यंत गिऱ्हाइकाला निवड अशी फारशी नव्हती. त्यामुळे कार्बोरेटरचा कचरा काढणे, पॉइंटवर पॉलिश पेपर फिरवणे, प्लगची फट मापणे आणि घाट चढण्यापूर्वी रेडिएटरसाठी पाण्याचा डबा डिकीत ठेवणे ही कामे मालकाच्या नित्यकर्मात जमा झाली होती. त्या काळी दिला जाणारा सल्ला त्या यंत्राच्या दृष्टीने अचूक होता. फरक एवढाच की त्या सल्ल्याची मुदत संपली, आणि ही वार्ता सल्लागारांपर्यंत पोहोचली नाही.

सकाळी इंजिन चालू करून पाच मिनिटे जागीच तापू द्यावे, हा त्यांतला पहिला. कार्बोरेटर थंड असताना हवा व पेट्रोल यांचे योग्य प्रमाण साधत नसे, चोक ओढावा लागे, आणि गाडी निघताच बंद पडे. म्हणून ती प्रतीक्षा आवश्यक होती. आज हे प्रमाण संगणक क्षणोक्षणी ठरवतो, आणि मुंबईच्या हवेत तर थंडीची सबबही उरत नाही. ऑइल सर्वत्र पोहोचण्यास काही सेकंद पुरतात. त्यानंतर पहिला मैल-दीड मैल संथपणे चालवणे हेच इंजिन तापवण्याचे उत्तम साधन होय.

रेडिएटरमध्ये नळाचे पाणी भरण्याचा सल्ला याहून अपायकारक आहे. हल्लीचे रेडिएटर ॲल्युमिनियमचे असतात आणि कूलंटमध्ये पाण्याचा उत्कलनबिंदू वाढवणाऱ्या ग्लायकॉलबरोबर गंजरोधक द्रव्येही असतात; साध्या पाण्याने ही द्रव्ये पातळ होतात आणि पाण्यातील क्षार आतल्या अरुंद नळ्यांत साठत जातात. मालकाने गाडी थंड असताना कूलंटच्या टाकीवरील किमान व कमाल या दोन खुणांमधील पातळी पाहावी, आणि ती वरचेवर घटत असेल तर गळतीचा शोध घेववावा. इंजिन तापलेले असताना मात्र झाकणास हात लावू नये, कारण दाबाखालील द्रव शंभर अंशांहून अधिक तापलेला असतो आणि झाकण सैल होताच उसळून अंगावर येतो.

चकाकीचे शास्त्र

रंगाच्या बाबतीत जुन्या व नव्याचा हा विरोध अधिकच स्पष्ट दिसतो. पूर्वीच्या गाड्यांच्या रंगावर निराळे संरक्षक आवरण बहुधा नसे; उन्हाने पृष्ठभाग भुरकट झाला की रबिंग कंपाउंडने तो थर खरवडून खालचा ताजा रंग वर आणीत आणि त्यावर मेण चोळीत. आताच्या रंगावर पारदर्शक लाखेचा म्हणजे क्लिअर कोटचा थर असतो. त्याची जाडी बहुधा 40 ते 50 मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या केसाहूनही कमी असते, आणि प्रत्येक रबिंगने त्यातला काही अंश कायमचा जातो. दर दिवाळीस गाडीला रबिंग करून घेणारा मालक चकाकी विकत घेतो ती भांडवलातून.

या थरावर उमटणाऱ्या कोळिष्टकासारख्या बारीक चऱ्यांचे मूळ बहुतेक वेळा रोजच्या पुसण्यात असते. मेट्रोची कामे आणि इमारतींची पुनर्बांधणी यांमुळे उपनगरात रात्रभरात जी धूळ बसते, तिच्यात सिमेंट व वाळूचे कठीण कण असतात. गाडी पुसणारा माणूस एकाच फडक्याने आणि एकाच बादलीत वीस गाड्या उरकतो, तेव्हा पहिल्या गाडीची वाळू विसाव्या गाडीवर घासली जाते. यावरील इलाज स्वस्त आहे. प्रथम नुसते पाणी ओतून धूळ वाहून जाऊ द्यावी, मग एका बादलीत गाडीचा शॅम्पू व दुसरीत हातमोजा विसळण्याचे स्वच्छ पाणी घेऊन वरून खाली धुवावे, आणि मायक्रोफायबर कापडाने टिपून घ्यावे. भांड्यांचा साबण टाळावा, कारण तो तेलकटपणाबरोबर मेणही काढून नेतो. दोन बादल्यांत हे काम निभते, म्हणून पाइप लावण्यास मनाई करणाऱ्या सोसायटीच्या सेक्रेटरींशी तंट्याचाही प्रसंग येत नाही. पक्ष्यांची विष्ठा मात्र आठवड्याच्या धुण्याची वाट पाहत ठेवू नये. तिच्यातील आम्ल उन्हात तापून लाखेवर कायमचा डाग पाडते, तेव्हा ओले कापड काही वेळ तीवर ठेवून ती मऊ करून उचलावी.

पावसाळ्याचा बंदोबस्त

कांदिवलीच्या मालकाची खरी परीक्षा जून ते सप्टेंबर या महिन्यांत होते. गाडी झाडाखाली उभी राहत असेल तर समोरच्या काचेच्या तळाशी असलेल्या जाळीत पाने व फुले कुजून निचऱ्याची छिद्रे बुजतात, आणि मग दरवाजे घट्ट असूनही पाणी पायांखालच्या गालिच्यात कोठून आले याचा उलगडा होत नाही. ही छिद्रे मोकळी करण्यास हात आणि पाच मिनिटे पुरतात. वायपरचे रबर उन्हाळ्यात कडक होते, ते मे महिन्यातच बदलावे. टायरच्या खाचा 1.6 मिलिमीटरहून उथळ नसाव्यात असा केंद्रीय मोटार वाहन नियमांचा दंडक आहे, परंतु पाणी बाहेर फेकण्याची टायरची शक्ती त्यापूर्वीच क्षीण होऊ लागते, हे ध्यानात ठेवावे. टायर केव्हा बनला हे त्याच्या अंगावरच लिहिलेले असते: 2423 असे चार अंक असतील तर तो 2023 सालच्या चोविसाव्या आठवड्यातला.

पावसात बिळे बुडाली की उंदीर इंजिनाच्या उबेस येतात आणि वायरी कुरतडतात. तंबाखूची पाने व डांबराच्या गोळ्या हे उपाय वास टिकेपर्यंत चालतात. बारीक जाळी बसवणे, पार्किंगमध्ये अन्नाचा कचरा न ठेवणे आणि गाडी दिवसेंदिवस उभी न ठेवणे हे उपाय कारणावर घाव घालणारे म्हणून अधिक भरवशाचे.

26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, आणि पाण्यात बंद पडलेल्या गाडीविषयीचा धडा शहराने जबर किंमत देऊन गिरवला. अशी गाडी पुन्हा चालू करून पाहू नये. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी शिरले असता पिस्टन त्यावर आदळून कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि काही हजारांत सुटणारा मामला नव्या इंजिनापर्यंत जातो. साध्या विमापत्रात या नुकसानाची भरपाई बहुधा बसत नाही, त्यासाठी इंजिन संरक्षणाची वेगळी जोड घ्यावी लागते, हे पावसाळ्यापूर्वीच कागदपत्रांत पाहून ठेवावे.

हद्द आणि दफ्तर

स्वावलंबनालाही हद्द असते. ब्रेक, एअरबॅगच्या वायरी, सीएनजीची टाकी व तिच्या नळ्या, आणि विजेच्या गाड्यांतील नारिंगी रंगाच्या उच्च दाबाच्या तारा या गोष्टींना हौशी हात लावू नये. तसेच गाडीबरोबर मिळणारा जॅक चाक बदलण्यापुरता असून त्याच्या भरवशावर कोणी गाडीखाली शिरू नये. ऑइल घरी बदलणाऱ्याने जुने ऑइल गटारात ओतले, तर ते राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगरातून येणाऱ्या पोयसर नदीवाटे खाडीत जाते. ते डब्यात भरून गॅरेजकडे सोपवणे हे त्या कामाचेच शेवटचे अंग मानावे.

याउपर एक नोंदवही ठेवावी, आणि तीत तारीख, किलोमीटर व केलेले काम यांचा तपशील लिहावा. वॉरंटीचा वाद निघाला अथवा गाडी विकण्याची वेळ आली, तर हेच दफ्तर साक्षीस उभे राहते. वाहनाबरोबर मिळालेली पुस्तिका त्या वहीशेजारी असावी, कारण शेजाऱ्याचे मत आणि कंपनीचा मजकूर यांत तफावत पडली असता प्रथम मजकूरच वाचणे श्रेयस्कर ठरते.

जुन्या पद्मिनीबरोबर शिळे सल्लेही भंगारात गेले असतील, अशी आशा कोणी बाळगू नये. विजेच्या मोटारीची बॅटरी पूर्ण उतरल्यावरच चार्जिंगला लावावी, असे आज पार्किंगमध्ये ठामपणे सांगितले जाते. हा नियम निकेल-कॅडमियम घटांच्या काळचा असून लिथियम-आयन बॅटरीला वरचेवर पूर्ण रिकामी करणे उलट मारक ठरते. म्हणजे विजेची मोटार अद्याप सोसायटीच्या निम्म्या सभासदांनी चालवूनही पाहिलेली नाही, तोच तिच्यासाठी मागल्या शतकातला पहिला सल्ला खाली हजर झालेला आहे.