खंजिरीवाला माणिक

दोस्तांनो, नरखेड तालुक्यातल्या एखाद्या गावी संत्र्याच्या बागांवर अंधार पडला, की मंदिरातून 'छन्‌-डुब, छन्‌-डुब' असा आवाज ऐकू येतो. ही खंजिरी! लाकडाचं छोटं कडं, एका बाजूला ताणलेलं चामडं, कडेला किणकिणणाऱ्या धातूच्या चकत्या. एका हातात धरायची आणि दुसऱ्या हातानं वाजवायची. एवढ्याशा वाद्यानं एका मुलाला थेट तुरुंगापर्यंत पोचवलं, हे सांगितलं तर खरं वाटेल?

त्या मुलाचं नाव माणिक. जन्म ३० एप्रिल १९०९, गाव अमरावती जिल्ह्यातलं यावली. वडील बंडोजी, आई मंजुळाबाई. घरी गरिबी. शाळा तिसरीपर्यंतच झाली. पण भजनाचा नाद भारी! वरखेडला आडकोजी महाराजांजवळ त्याला गुरू मिळाले आणि नवं नावही मिळालं, 'तुकड्या'. पुढे तो स्वतःच भजनं रचू लागला आणि रचनेच्या शेवटी हेच नाव घालू लागला. शब्द स्वतःचे, आवाज स्वतःचा, साथीला खंजिरी. मोठा वाद्यवृंद नाही की राजाचा दरबार नाही!

हेच आपले राष्ट्रसंत तुकडोजी महाराज.

गंमत बघा, जवळपास त्याच काळात तिकडे अमेरिकेत वुडी गथ्री नावाचा तरुण गिटार घेऊन गावोगाव हिंडत होता. धुळीच्या वादळांनी उद्‌ध्वस्त झालेल्या शेतकऱ्यांची गाणी तो रचायचा. १९४० मध्ये त्या गाण्यांच्या ध्वनिमुद्रिका निघाल्या. दोघांची कधी भेट नाही, भाषा वेगळी. पण रीत एकच. साध्या माणसाचं दुःख साध्या शब्दांत मांडायचं.

महाराज मराठीत गात, हिंदीतही गात. गाव झाडा, व्यसन सोडा, जातिभेद टाका, असं ते भजनातूनच सांगत. १९३६ मध्ये गांधीजींनी त्यांना सेवाग्रामला बोलावलं. तिथं ते महिनाभर राहिले. मग आलं १९४२! विदर्भात चिमूर-आष्टी पेटले. लोकांना जागं करणारी ही भजनं इंग्रज सरकारला खुपू लागली. ऑगस्टमध्ये चंद्रपूरला महाराजांना अटक झाली आणि नागपूर, रायपूरच्या तुरुंगात ठेवण्यात आलं. बंदूक नाही, काठी नाही; हाती फक्त खंजिरी. तरी सरकार घाबरलं!

सुटल्यावर गाणं थांबलं का? छे! १९५५ मध्ये हीच खंजिरी जपानच्या विश्वधर्म परिषदेत वाजली. गावाच्या सुधारणेसाठी त्यांनी ४१ अध्यायांची 'ग्रामगीता' लिहिली. ११ ऑक्टोबर १९६८ ला मोझरीच्या गुरुकुंजात त्यांनी देह ठेवला. २००५ पासून नागपूर विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. तिसरीत शाळा सुटलेल्या मुलाचं नाव विद्यापीठाला!

तुमच्या आजोबांना विचारा, त्यांना एखादं भजन नक्की पाठ असेल. ऐका, शिका. आणि मग आपल्या गावावर चार ओळी स्वतः रचून बघा. खंजिरी नसली, तर डबा आहेच की!