मा, मे, मी, मो, मू

आंब्याची सावली सरकते तसा आमचा प्रशिक्षणवर्गही सरकतो. ऑगस्ट संपत आलाय, शाळांना सुट्टी आहे, तरी चाळीसेक मुलं धुळीत मांडी घालून बसलीत आणि त्यांच्यात मिसळून सामुदायिक शाळांतले बावीस शिक्षक. झांबियाच्या पूर्व प्रांतातला हा कटेटे जिल्हा. एप्रिलपासून पाऊस नाही. फळ्यावर खडूच्या आधी धूळ बसते.

माझ्यासमोर एक तरुण शिक्षक चौथीतल्या मुलीची चाचणी घेतोय. कागदावर अक्षरं, शब्द, एक परिच्छेद आणि एक गोष्ट. तो एका शब्दावर बोट ठेवतो. मुलगी खणखणीत आवाजात म्हणते, "एम, ए, डी, झेड, आय."

"मग काय झालं?"

मुलगी गप्प. शब्द आहे 'मादझी', म्हणजे पाणी. तेच पाणी ती रोज हातपंपावरून डोक्यावर वाहून आणते. चिन्यांजा तिची मायबोली, पण अक्षरांची नावं इंग्रजी. त्या नावांची बेरीज करून पाणी कसं होणार? शिक्षक माझ्याकडे बघतो. मी काही बोलत नाही. जिल्हा साधन केंद्राच्या समन्वयक बाई पुढे होतात, तक्ता उघडतात आणि काठी फिरवत सुरू करतात: मा, मे, मी, मो, मू. मुलं मागून म्हणतात, शिक्षकही म्हणतात. माझं चिन्यांजा नमस्कार-चमत्कारापुरतं, त्यामुळे माझं काम तक्ता धरण्याचं. बाहेरून आलेल्या प्रशिक्षकानं निम्मा वेळ तक्ताच धरावा, असं माझं मत आता पक्कं होत चाललंय.

मराठी माणसाला हा तक्ता पाहून हसू फुटेल. बाराखडीच की ही! आणि ते साम्य नुसतं योगायोगाचं नाही. 1995 मध्ये माधव चव्हाण आणि फरीदा लांबे यांनी मुंबईच्या वस्त्यांतून 'प्रथम' या स्वयंसेवी संस्थेचं काम सुरू केलं. मूल कितवीत आहे हे न पाहता त्याला काय वाचता येतं यावरून गट पाडायचे, ही त्यांची पद्धत 2016 मध्ये 'कॅच अप' या नावानं झांबियाच्या पूर्व आणि दक्षिण प्रांतांतल्या 80 शाळांत आली. तिसरी ते पाचवीच्या मुलांसाठी. इथे मुंबईचं नाव कुणी घेत नाही आणि घ्यायची गरजही नाही. मुलांच्या लेखी मी 'म्वेन्ये', म्हणजे चिपाटा शहरातल्या दुकानदारांसारखीच एक भारतीय बाई. माझं दुकान कोणतं, असं एकानं सकाळीच विचारलंय.

गट पाडताना वाद होतो. पाचवीतला एक उंच मुलगा अक्षरांच्या गटात जातोय, तिसरीच्या चिमुरड्यांबरोबर. त्याचा शिक्षक उठून उभा राहतो. "मॅडम, पोरं हसतील. सोमवारी हा शाळेत येणार नाही."

माझ्या पुस्तिकेत यावर एक उत्तर आहे, गुळगुळीत. ते मी काढायच्या आत मागून एक शिक्षिका बोलते. पाठीवर चितेंगेच्या कापडात बांधलेलं बाळ, हातात वही. ती सांगते, आमच्याकडे सगळे गट एकत्र गाण्यानं सुरुवात करतात, मग खेळ, आणि खेळातूनच आपापल्या चटईवर जातात. कोण कुठे गेलं ते कुणाच्या ध्यानात येत नाही. आणि शब्द वाचायला लागला की त्याच दिवशी पुढच्या गटात. सत्र संपायची वाट बघायची नाही. शिक्षक खाली बसतो. पटलंय असं नाही, पण करून बघेल.

गणिताला वाळक्या गवताच्या काड्या आणि सायकलच्या जुन्या ट्यूबमधून कापलेले रबर. दहा काड्यांची एक जुडी. 43 वजा 17 करायला एक जुडी सोडावी लागते, तेव्हा पन्नाशीतले एक शिक्षक स्वतःशीच हसतात. "इतकी वर्षं शिकवतोय, शेजाऱ्याकडून एक उसना घ्या. परत कधी करायचा, एकाही मुलानं विचारलं नाही!"

जेवायला न्शिमा म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट उंडा, कापेंटा मासळी आणि शेंगदाण्याच्या कुटातला भोपळ्याचा पाला. जेवताना बोलणं पगारावर येतं. 1990 च्या दशकात देशाची घडी विस्कटली, शाळेची फी परवडेना, सरकारी शाळा लांब, एड्सनं अनाथ केलेली मुलं घरोघरी. तेव्हा गावांनीच या सामुदायिक शाळा उभ्या केल्या आणि आपल्यातलाच जरा शिकलेला कुणी शिकवायला बसवला. 2011 च्या कायद्यानं त्यांना मान्यता मिळाली. पगार मात्र अजूनही बऱ्याच ठिकाणी पालक समितीच ठरवते: मक्याची बादली, नाहीतर शिक्षकाच्या शेतात खुरपणी. 2024 चा दुष्काळ राष्ट्रीय आपत्ती म्हणून जाहीर झाला, त्या वर्षी बादलीही रिकामी होती, असं सकाळचा तरुण शिक्षक सांगतो. 2022 मध्ये सरकारनं बारावीपर्यंतची फी काढून टाकली, 30 हजारांहून अधिक शिक्षक भरले. याच्याकडे पदविका नाही, म्हणून हा तसाच राहिला.

मला खोली आहे, महिन्याचा भत्ता आहे, परतीचं तिकीट आहे, आणि ओळखपत्रावर 'स्वयंसेवक' लिहिलंय. हे त्याच्यासमोर बसून न्शिमा मळताना मला नीट दिसतं.

"या प्रशिक्षणाच्या प्रमाणपत्रावर कॉलेजात प्रवेश मिळेल?" तो सरळच विचारतो.

"नाही."

"मग शाई कशाला घालवता? मार्कर द्या." सगळे हसतात, समन्वयक बाई सर्वांत जोरात.

दुपारच्या वेळापत्रकात मूल्यमापनाचं माझं सत्र आहे. बाई ते काट मारून उडवतात. शनिवारी म्कायका गावी कुलाम्बाचा सोहळा आहे. मलावी आणि मोझांबिकमधूनही चेवा लोक आपल्या राजाला मुजरा करायला येणार, मुखवट्यांचा गुले वाम्कुलू नाच होणार. शुक्रवारी दुपारनंतर इथे कुणीही थांबणार नाही, आणि वाचनासाठी मोठ्या अक्षरातल्या गोष्टी तर अजून कागदावर उतरायच्यात. छापील संच पोचलेले नाहीत. ते येतील तेव्हा येतील.

चटयांवर मनिला कागद पसरतात. कालुलू ससा आणि फिसी तरस यांची गोष्ट निघते आणि पहिल्या चार ओळींतच भांडण लागतं. एका गावात फिसी शेवटी मरतो, दुसऱ्यात शेपूट घालून पळतो. बाळ पाठीवर घेतलेली शिक्षिका म्हणते, मरायला नको, मला त्याची पुढची गोष्ट सांगायची असते. पन्नाशीतले शिक्षक ऐकत नाहीत. शेवटी दोन्ही लिहायच्या ठरतात, म्हणजे कागद दुप्पट. मी चिपाटाच्या गुजराती दुकानदाराला फोन लावते: संध्याकाळच्या मिनीबसनं मनिला कागदाचे दोन गठ्ठे, आणि मार्कर काळेच, लाल उन्हात दिसत नाहीत.