मुंबई–गोवा समुद्रप्रवास

मुंबई–गोवा समुद्रप्रवास म्हणजे मुंबई बंदरातून निघून कोकण किनाऱ्यालगत गोव्यापर्यंत केला जाणारा प्रवासी जलप्रवास होय. सागरी मार्गाने हे अंतर सुमारे ४०० किलोमीटर आहे. विसाव्या शतकाच्या बहुतेक काळात हा प्रवास कोकणी माणसाची गरज होती. आज तो प्रामुख्याने पर्यटनासाठी, म्हणजे क्रूझ जहाजांतून केला जातो. जहाजांचे स्वरूप पूर्णपणे बदलले असले, तरी हंगाम, बसण्याझोपण्याची जागा, सामान, आहार आणि सुरक्षितता यांविषयी अनुभवी प्रवाशांनी घालून दिलेले अनेक संकेत दोन्ही काळांत जवळपास सारखेच आहेत. प्रस्तुत लेखात या प्रवासाचा संक्षिप्त इतिहास आणि हे संकेत यांचा परिचय दिला आहे.

इतिहास

आगबोटींचा काळ

कोकणात रेल्वे नव्हती आणि घाटरस्ते पावसाळ्यात बेभरवशाचे होते, त्या काळात मुंबईतील चाकरमान्याला गावी जाण्यासाठी बोट हेच सोयीचे साधन होते. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून सुटणाऱ्या आगबोटी हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, जैतापूर, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला अशी बंदरे घेत पणजीपर्यंत जात. प्रारंभी या वाहतुकीवर बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन या ब्रिटिश कंपनीचे वर्चस्व होते. स्वदेशी चळवळीच्या प्रभावातून १९०६ मध्ये भारतीय भांडवलावर सहकारी आगबोट कंपनी निघाली. लोक तिला आपुलकीने ‘माझी आगबोट कंपनी’ म्हणत. प्रवाशांना जवळची वाटावीत म्हणून तिच्या बोटींना तुकाराम, रामदास अशी संतांची नावे देण्यात आली.

बहुतेक बंदरांत मोठी बोट थेट धक्क्याला लागत नसे. ती खोल पाण्यात नांगर टाकून उभी राही आणि उतारूंना पडावातून किंवा मचव्यातून तिच्यापर्यंत न्यावे लागे. हलत्या पडावातून हलत्या बोटीवर पाऊल टाकण्याचा हा क्षण प्रवासातील सर्वांत अवघड मानला जाई. वृद्ध, बायका आणि मुले यांना खलाशी हात धरून वर घेत. सामान आधी की माणूस आधी, पाऊल लाट वर येताना टाकावे की खाली जाताना, याचे ज्ञान घराघरांत मोठ्यांकडून लहानांकडे जात असे.

दुर्घटना

११ नोव्हेंबर १९२७ रोजी ‘तुकाराम’ आणि ‘जयंती’ या दोन बोटी एकाच दिवशी वादळात बुडाल्या. त्याहून मोठी दुर्घटना १७ जुलै १९४७ रोजी घडली. आषाढी अमावास्येच्या त्या दिवशी सकाळी भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट काशाच्या खडकाजवळ उलटली आणि ६०० हून अधिक प्रवासी मृत्युमुखी पडले. हवा खराब होती. बोटीत पाणी शिरताच घाबरलेले प्रवासी एका बाजूस धावले आणि तिचा तोल गेला, असे वाचलेल्यांच्या कथनांतून पुढे आले. रेवस परिसरातील कोळी बांधवांनी आपल्या मचव्यांतून अनेकांचे प्राण वाचवले. स्वातंत्र्यप्राप्तीला महिनाही उरला नसताना घडलेली ही घटना कोकणच्या स्मृतीत खोलवर रुजली. ‘हवा बिघडली असेल तर घाई करू नये’ हा समुद्रप्रवासाचा पहिला नियम त्या पिढीने या अनुभवातून घेतला.

क्रूझ पर्यटनाचा काळ

स्वातंत्र्योत्तर काळात ‘कोकण सेवक’ आणि ‘कोकण शक्ती’ या बोटी प्रसिद्ध होत्या. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात नियमित बोटसेवा बंद पडली. पुढे १९९० च्या दशकात मुंबई आणि पणजी यांच्या दरम्यान कॅटमरान ही वेगवान नौकासेवा काही काळ चालली. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागल्यावर समुद्रमार्ग ही प्रवासाची गरज राहिली नाही.

ऑक्टोबर २०१८ मध्ये ‘आंग्रिया’ हे प्रवासी जहाज मुंबई–गोवा मार्गावर सुरू झाले. विजयदुर्गसमोरच्या समुद्रातील प्रवाळ भित्तीस आंग्रिया बँक म्हणतात. त्यावरून आणि पर्यायाने मराठा आरमारप्रमुख कान्होजी आंग्रे यांच्या नावावरून जहाजाचे नाव ठेवण्यात आले होते. सप्टेंबर २०२१ पासून कॉर्डेलिया क्रूझेस या कंपनीच्या ‘एम्प्रेस’ या जहाजाच्या मुंबईहून गोवा, लक्षद्वीप आदी ठिकाणी फेऱ्या सुरू झाल्या. १९९० मध्ये बांधलेल्या या जहाजात अकरा मजले असून उपाहारगृहे, नाट्यगृह, पोहण्याचा तलाव अशा सोयी आहेत.

अनुभवी प्रवाशांचे संकेत

हंगाम

आगबोटींच्या काळात जूनपासून साधारण नारळी पौर्णिमेपर्यंत बोटसेवा बंद असे. आजही क्रूझ कंपन्या नैर्ऋत्य मोसमी पावसाच्या काळात पश्चिम किनाऱ्यावरील फेऱ्या थांबवतात किंवा जहाज पूर्व किनाऱ्याकडे नेतात. अनुभवी प्रवासी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम मानतात. या महिन्यांत समुद्र बहुधा शांत असतो आणि डेकवर ऊन सोसवते. एप्रिल–मे महिन्यांत शाळांच्या सुट्ट्यांमुळे गर्दी आणि भाडे दोन्ही वाढतात. नाताळ आणि नववर्षाच्या आठवड्यात भाडे सर्वाधिक असते. शांततेसाठी प्रवास करणाऱ्यांनी तो आठवडा टाळावा, असे सांगितले जाते.

खोलीची निवड

जहाजाच्या हालचालीचे दोन प्रमुख प्रकार आहेत. नाळ आणि मागील टोक आळीपाळीने वरखाली होणे हा एक, आणि जहाज डाव्याउजव्या बाजूंना डुलणे हा दुसरा. दोन्ही हालचाली जहाजाच्या मध्यभागी आणि खालच्या मजल्यांवर सर्वांत कमी जाणवतात. एस.टी.च्या मागच्या आसनावर बसणाऱ्यास जसे अधिक धक्के बसतात, तसेच नाळेजवळच्या किंवा सर्वांत वरच्या मजल्यावरील खोलीत समुद्र अधिक जाणवतो. म्हणून मळमळीचा त्रास होणाऱ्यांनी मध्यभागाजवळची खालची खोली घ्यावी, याविषयी जाणकारांत जवळपास एकमत आहे. जुन्या आगबोटीत डेकवर पथारी पसरणारे उतारूही लवकर पोहोचून मधली जागा धरत, ती याच कारणाने.

दुसरा संकेत आवाजाचा आहे. ज्या खोलीच्या वर आणि खालीही खोल्याच आहेत ती शांत असते. नृत्यगृह, स्वयंपाकघर किंवा पोहण्याच्या तलावाखालील खोलीत पहाटेपर्यंत पावलांचे आणि खुर्च्या सरकवण्याचे आवाज येतात. त्यामुळे नोंदणीपूर्वी जहाजाचा मजलावार नकाशा पाहण्याचा सल्ला दिला जातो. ‘कोणतीही उपलब्ध खोली’ या अटीवर तिकीट स्वस्त मिळते, परंतु त्यात निवडीचा हक्क सोडावा लागतो.

बोट लागणे

समुद्रावरील मळमळीस मराठीत ‘बोट लागणे’ म्हणतात. आतल्या कानातील तोल सांभाळणारे इंद्रिय शरीर हलत असल्याचे सांगते, तर डोळ्यांना खोलीच्या स्थिर भिंती दिसतात. या विसंगतीमुळे त्रास होतो. म्हणूनच मोकळ्या हवेत येऊन क्षितिजाकडे पाहिल्याने आराम पडतो आणि बंद खोलीत पुस्तक किंवा मोबाइल वाचल्याने त्रास वाढतो. पोट अगदी रिकामे ठेवू नये आणि तेलकट पदार्थांनी भरूही नये. आले किंवा लिंबू जवळ ठेवण्याची पद्धत जुनीच आहे. औषध घ्यावयाचे झाल्यास ते डॉक्टरांच्या सल्ल्याने आणि त्रास सुरू होण्यापूर्वी घ्यावे, कारण उलट्या सुरू झाल्यावर गोळी पोटात टिकत नाही. आपल्याला बोट लागते की नाही हे ठाऊक नसलेल्यांनी मोठ्या खर्चापूर्वी गेटवे ऑफ इंडिया किंवा भाऊच्या धक्क्यावरून मांडव्यापर्यंत साधारण तासाभराचा प्रवास करून पाहावा, असा व्यवहार्य सल्ला दिला जातो.

सामान आणि कागदपत्रे

मोठे सामान बंदरावर ताब्यात घेतले जाते आणि खोलीपर्यंत पोहोचायला काही तास लागू शकतात. त्यामुळे औषधे, चष्मा, ओळखपत्र, तिकीट आणि एक जोड कपडे हातातील पिशवीत ठेवावेत. देशांतर्गत प्रवासास शासनमान्य छायाचित्र ओळखपत्र लागते आणि परदेशी बंदर असल्यास पारपत्र व व्हिसा आवश्यक असतो. तिकिटावरील नाव ओळखपत्राप्रमाणेच असावे.

जहाजावर आगीचा धोका सर्वांत गंभीर मानला जातो. त्यामुळे इस्त्री, विजेची किटली, मेणबत्ती, निरांजन, उदबत्ती, कापूर यांना खोलीत मनाई असते. नित्यपूजा करणाऱ्या प्रवाशांनी हे आधी लक्षात घ्यावे, म्हणजे तपासणीत वस्तू काढून घेतल्याचे दुःख होत नाही. घरचे शिजवलेले अन्न नेण्यासही बहुधा परवानगी नसते.

वेळ पाळणे

बंदरावरील नोंदणी जहाज सुटण्याच्या बऱ्याच आधी बंद होते. तिकिटावर असलेल्या दोन वेळांपैकी, म्हणजे नोंदणी बंद होण्याची आणि जहाज सुटण्याची वेळ, प्रवाशाने पहिलीच ग्राह्य धरावी. वाटेतील बंदरात उतरलेल्या प्रवाशासाठी जहाज थांबत नाही. तो राहून गेल्यास पुढील प्रवासाचा खर्च त्याचा त्यालाच करावा लागतो. जहाज कंपनीमार्फत घेतलेल्या सहलीची बस उशिरा आली, तर मात्र जहाज सहसा वाट पाहते. म्हणून अनोळखी बंदरात कंपनीची सहल आणि ओळखीच्या बंदरात स्वतःची भ्रमंती, अशी विभागणी अनेकजण करतात.

भोजन आणि आरोग्य

जहाजावर मांडलेल्या भोजनाची रेलचेल पाहून पहिल्या दिवशी अतिरेक होतो. ताटात थोडे घेऊन पुन्हा उठावे, हा साधा नियम सांगितला जातो. शाकाहारी, जैन किंवा उपवासाच्या पदार्थांची गरज नोंदणीच्या वेळीच कळवावी लागते. मर्यादित जागेत अनेक माणसे एकत्र राहत असल्याने उलट्या–जुलाबांचे संसर्ग लवकर पसरतात. जेवणापूर्वी साबणाने हात धुणे हा त्यावरचा सर्वांत परिणामकारक उपाय आहे. गरोदर स्त्रिया आणि तान्ही मुले यांच्यासाठी कंपन्यांच्या मर्यादा असतात, त्या आधी पाहाव्यात.

खर्च

जाहिरातीतील भाडे हा संपूर्ण खर्च नसतो. बंदर शुल्क, कर, सेवाशुल्क, मद्य, इंटरनेट, सशुल्क उपाहारगृहे आणि किनाऱ्यावरील सहली यांची आकारणी वेगळी होऊ शकते. जहाजावर रोख व्यवहार सहसा होत नाहीत. खर्च खोलीच्या खात्यावर चढत जातो आणि अखेरच्या दिवशी एकदम समोर येतो. आयुष्यभराच्या बचतीतून एकदाच असा प्रवास करणाऱ्या निवृत्त दांपत्यांसाठी ही बाब विशेष महत्त्वाची आहे. रोज रात्री खात्याची रक्कम पाहण्याचा आणि खोल समुद्रात मोबाइल विमान–स्थितीत ठेवण्याचा सल्ला म्हणूनच दिला जातो. जहाजावरील उपग्रह–जाळ्याशी मोबाइल आपोआप जोडला गेल्यास मोठे देयक येऊ शकते.

सुरक्षा कवायत

जहाज सुटण्यापूर्वी किंवा सुटताच प्रत्येक प्रवाशाने सुरक्षा कवायतीत भाग घेणे आंतरराष्ट्रीय नियमांनुसार बंधनकारक आहे. १३ जानेवारी २०१२ रोजी इटलीच्या किनाऱ्याजवळ ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ हे जहाज खडकावर आदळून ३२ जणांचा मृत्यू झाला. त्या वेळी नुकत्याच चढलेल्या अनेक प्रवाशांची कवायत व्हायची होती. त्यानंतर हे नियम अधिक कडक करण्यात आले. सात लहान आणि एक लांब भोंगा हा आणीबाणीचा संकेत असतो. तो ऐकताच सामान न घेता, लिफ्ट न वापरता, नेमून दिलेल्या ठिकाणी जमायचे असते. ‘रामदास’च्या प्रवाशांना कोठे जमायचे हे सांगणारी व्यवस्था असती, तर सारे एका बाजूस धावले नसते. कवायत कंटाळवाणी म्हणून टाळणाऱ्यांना अनुभवी प्रवासी याच कारणाने थांबवतात. खोलीपासून जमण्याच्या ठिकाणापर्यंत एकदा पायी जाऊन यावे, असेही ते सांगतात.

मतभेदाचे मुद्दे

काही बाबतींत जाणत्या प्रवाशांत एकमत नाही. एका गटाच्या मते सज्जा असलेली खोली हेच या प्रवासाचे सुख आहे. दुसऱ्या गटाच्या मते खोली केवळ झोपण्यासाठी असते, आणि डेक सर्वांना खुला असताना सज्जासाठी अधिक पैसे मोजण्याचे कारण नाही. काहींना प्रत्येक बंदर पाहावयाचे असते, तर काहीजण बंदराच्या दिवशीच जहाजावर थांबतात, कारण तेव्हा गर्दी ओसरलेली असते. मराठी पर्यटनसंस्थेच्या गटाबरोबर जाण्यात भाषेची आणि जेवणाची सोय होते. स्वतंत्रपणे गेल्यास वेळ आपल्या हाती राहतो. लक्षद्वीपसारख्या ठिकाणी जहाज खोल पाण्यात थांबते आणि प्रवाशांना लहान नौकांतून बेटावर नेले जाते. समुद्र खवळलेला असल्यास हा टप्पा रद्द होतो. जुन्या पडावांची आठवण करून देणारा हा भाग कोणाला प्रवासाचा आनंद वाटतो, तर गुडघेदुखी असलेल्यांना तो अडचणीचा वाटतो.

किनाऱ्यापासून दूरच्या जिल्ह्यांतील प्रवासी

मराठवाड्यातील हिंगोली, परभणी, नांदेड या जिल्ह्यांतील प्रवाशांसाठी समुद्रप्रवासाचा पहिला टप्पा रेल्वेचा किंवा रस्त्याचा असतो. अकोला–पूर्णा लोहमार्गावरील हिंगोलीहून मुंबई साडेपाचशे किलोमीटरांहून अधिक दूर आहे. गाडीस काही तासांचा विलंब झाला, तरी जहाज हातचे जाऊ शकते. त्यामुळे किमान एक दिवस आधी मुंबईत पोहोचणे आणि परतीचे आरक्षण जहाज लागण्याच्या वेळेनंतर पुरेसे अंतर ठेवून करणे आवश्यक मानले जाते. मुंबईतील एका रात्रीच्या मुक्कामाचा खर्च या प्रवाशांनी सुरुवातीपासूनच अंदाजपत्रकात धरावा लागतो. ज्यांनी समुद्र पूर्वी पाहिलेला नाही, त्यांना हा मोकळा दिवस मांडव्याच्या चाचणी–प्रवासासाठीही वापरता येतो.