अर्ध्या फटक्याचा निवाडा

मैदानाच्या मापांपासून चेंडूच्या वजनापर्यंत प्रत्येक गोष्ट अंकांत बांधून ठेवणाऱ्या बेसबॉलच्या नियमपुस्तकात, फलंदाजाने आरंभून मध्येच आवरलेली हालचाल नेमकी कोणत्या क्षणी फटका ठरते, याची व्याख्या मात्र नाही. चेंडू मारण्याचा प्रयत्न झाला आणि तो हुकला की स्ट्राइक, एवढे सांगून नियम थांबतो. बॅट होम प्लेटच्या पुढच्या कडेपलीकडे गेली काय, मनगटे वळली काय, या कसोट्या केवळ प्रघाताने रूढ झालेल्या आहेत.

कॅचरच्या पाठीमागील अंपायरचे सारे लक्ष वेगाने येणाऱ्या चेंडूवर खिळलेले असल्यामुळे बॅट किती पुढे गेली हे त्याला क्वचितच नीट दिसते. म्हणून, क्रिकेटमध्ये यष्टिचीतचा निर्णय स्क्वेअर लेगच्या पंचाकडे जातो तद्वत, उजव्या फलंदाजाबाबत पहिल्या बेसवरील आणि डावखुऱ्याबाबत तिसऱ्या बेसवरील अंपायरचे मत घेतले जाते. त्याने मूठ उगारली तर स्ट्राइक. दोन्ही हात आडवे पसरले तर फटका झालाच नाही. मात्र ही दाद एकतर्फी आहे. मुख्य अंपायरने ‘बॉल’ म्हटले असेल तरच कॅचर किंवा मॅनेजर अपील करू शकतो, आणि ते केल्यावर विचारणा टाळण्याची मुख्य अंपायरला मुभा नाही. त्याने ‘स्ट्राइक’ म्हटले असेल तर फलंदाजाला कोठेच दाद नाही! अपिलाची मुदतही पुढचा चेंडू पडेपर्यंत किंवा नवा डावपेच सुरू होईपर्यंतच.

निर्णय फिरला की खरी गुंतागुंत होते. तीन बॉल व दोन स्ट्राइक झाले असून पहिल्या बेसवरचा धावपटू दुसऱ्याकडे निघाला आहे, अशा वेळी ‘बॉल’ पुकारला गेला, तर फलंदाजाला पहिला बेस आयता मिळून धावपटूही निर्धास्त होतो. परंतु कॅचरने तत्परतेने दुसऱ्या बेसवर चेंडू फेकून अपील केले आणि मूठ वर गेली, तर फलंदाज बाद होतोच, शिवाय रेंगाळलेला धावपटूही बाद होण्याची भीती असते. चुकीच्या निर्णयाचे परिणाम पुसून धावपटूंना योग्य जागी नेण्याचा अखत्यार अंपायरांना सामान्यतः आहे खरा, पण या प्रसंगी नियम धावपटूलाच सावध राहण्याची ताकीद देतो. मला ही ताकीद कठोर वाटते.

१४ ऑक्टोबर २०२१ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत जायंट्स आणि डॉजर्स यांच्या निर्णायक पाचव्या सामन्यात, नवव्या डावात दोन गडी बाद व डॉजर्स २-१ने पुढे असताना, डॉजर्सच्या मॅक्स शर्झरच्या चेंडूवर जायंट्सच्या विल्मर फ्लोरेसने बॅट आवरली. अपील होताच पहिल्या बेसवरील अंपायर गेब मोरालेस यांनी मूठ उगारली, तिसरा स्ट्राइक झाला आणि १०७ सामने जिंकलेल्या जायंट्सचा हंगाम तिथेच संपला. चित्रफितीत बॅट पुढे गेल्याचे दिसत नव्हते, असे बहुतेकांचे मत पडले; परंतु २०१४पासून विस्तारलेल्या चित्रफीत-तपासणीच्या कक्षेत अर्धा फटका येत नसल्याने निवाडा कायम राहिला.

मोरालेस यांच्यावर सारा राग काढणे मला अन्यायाचे वाटते, कारण नियमाने त्यांना कोणतीच रेषा आखून दिलेली नव्हती. २०२४च्या ॲरिझोना फॉल लीगमध्ये बॅटच्या कोनाला ४५ अंशांची मर्यादा ठरवून कॅमेऱ्यांच्या साहाय्याने अपील करण्याचा प्रयोग झाला. दिशा योग्य आहे, आणि अशी एखादी रेषा मुख्य नियमपुस्तकात लिहिली गेली पाहिजे.