वरातीमागून घोडे

२६ मे २०२५ रोजी नैर्ऋत्य मोसमी पाऊस मुंबईत नेहमीच्या मुहूर्ताच्या पंधरवडाभर आधी येऊन थडकला, आणि त्याच दिवशी वरळीच्या आचार्य अत्रे चौक या भुयारी स्थानकात पाणी शिरले. हे स्थानक प्रवाशांसाठी खुले होऊन उणेपुरे सोळा दिवस झाले होते. बांधकाम पुरे न झालेल्या एका प्रवेशमार्गावर पाणी अडविण्यासाठी उभारलेली भिंत कोसळली, असा खुलासा झाला. खुलासा खराही असेल. परंतु ज्या शहरात वर्षाचे चार महिने पाऊस कोसळतो, त्या शहरात जमिनीखालचे स्थानक उघडताना पाऊस दोन आठवडे आधी आला तर काय होईल, हा प्रश्न कोणालाच कसा सुचला नाही? सुदैवाने त्या दिवशी जीवितहानी झाली नाही. म्हणूनच या घटनेचा विचार रागाने न करता शांतपणे करता येण्याजोगा आहे, आणि तो आज केला पाहिजे.

प्रश्न एका भिंतीचा नाही, एका खात्याचाही नाही. आधी प्रकल्प ठरवायचा, मग त्याला जागा शोधायची, मग कंत्राट द्यायचे, आणि सर्वांत शेवटी पाणी, झाड, खाडी आणि माणूस यांचे काय होणार याची कागदोपत्री चौकशी करायची, हा जो आपल्या नियोजनाचा क्रम झाला आहे त्याचा हा प्रश्न आहे. याला मराठीत वरातीमागून घोडे म्हणतात. पर्यावरणाचा विचार हे आपल्याकडे असे मागून येणारे घोडे आहे.

मुंबईकराला २६ जुलै २००५ ची आठवण करून देण्याची गरज नाही. त्या दिवशी सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्याच अवधीत कुलाब्यास जेमतेम ७३ मिलिमीटर झाला. दक्षिणेकडे कचेरीत बसलेल्या माणसास उपनगरांत काय चालले आहे याचा पत्ताही नव्हता. दुपारची भरती आणि तासाला १९० मिलिमीटरपर्यंत गेलेला पाऊस यांची गाठ पडली. लोकलगाड्या थांबल्या, दूरध्वनी मुके झाले, वीज तोडावी लागली, आणि लाखो माणसे कमरेइतक्या पाण्यातून अंधारात घरी चालत निघाली. मुंबईत चारशेंहून अधिक माणसे दगावली. त्यांतली कित्येक तर बंद मोटारीत गुदमरून गेली. हा दैवी कोप होता असे म्हणून मोकळे होणे सोपे होते. पण ते अर्धसत्य होते. उरलेले अर्धे सत्य आपल्या दप्तरांत बारा वर्षे पडून होते.

१९८५ सालच्या पुरानंतर बृहन्मुंबईच्या पर्जन्यजलवाहिन्यांचा सांगोपांग अभ्यास करविण्यात आला. 'ब्रिमस्टोवॅड' या नावाने ओळखला जाणारा त्याचा अहवाल १९९३ साली सादर झाला. त्या अहवालाने जे सांगितले ते कोणाही सुशिक्षित गृहस्थास समजेल इतके सरळ आहे. शहराच्या जुन्या वाहिन्या ताशी २५ मिलिमीटर पाऊस धरून बांधलेल्या होत्या, आणि त्यातही निम्मे पाणी जमिनीत मुरेल असे गृहीत धरलेले होते. म्हणजे प्रत्यक्षात तासाला साडेबारा मिलिमीटर पाणीच वाहून नेण्याची त्यांची तयारी. ज्या काळी शहरात वाड्या, मैदाने, तळी व भातशेते होती त्या काळी हा हिशेब चुकीचा नव्हता. पण मुरायला माती उरली कोठे? अंगणाला फरशी, रस्त्याला डांबर व काँक्रीट, तळ्याच्या जागी चाळी व मनोरे. म्हणून नव्या आराखड्याने ताशी ५० मिलिमीटर पाऊस धरला आणि त्यातला एक थेंबही मुरणार नाही असे गृहीत धरले. कागदावर ही वाढ दुप्पट दिसते. वाहिनीच्या पोटात ती चौपट आहे.

दुसरी गोष्ट समुद्राची. शहराचे पाणी ज्या तोंडांनी समुद्रात वा खाडीत पडते त्या १८६ तोंडांपैकी ४५ सरासरी समुद्रपातळीच्याही खाली आहेत. १३५ त्या पातळीच्या वर, पण भरतीच्या पातळीखाली आहेत. भरतीच्या वर राहणारी तोंडे अवघी सहा. भरती आली की पाणी बाहेर जाण्याऐवजी समुद्रच आत डोकावतो. म्हणून उदंचन केंद्रे बांधा, असे अहवालाने सांगितले. सांगून झाले, आणि अहवाल कपाटात गेला. २००५ च्या प्रलयानंतर तो पुन्हा बाहेर आला. २००७ साली केंद्र सरकारने १२०० कोटी रुपये मंजूर केले. हाजी अली, इर्ला, लव्ह ग्रोव्ह, क्लीव्हलंड, ब्रिटानिया, गझदरबंध ही केंद्रे एकेक करून उभी राहिली. मोगरा व माहूल यांची कामे जागेच्या व परवानग्यांच्या घोळात वर्षानुवर्षे अडकून राहिली. आठ वर्षांत अहवाल, बारा वर्षे विस्मृती, आणि मग माणसे मेल्यावर धावपळ: या वेगाने जे शहर चालते त्याने भुयारी रेल्वेचा वेग मिरवू नये.

मिठी नदीची कथा याहून बोलकी आहे. विहार व पवई तलावांच्या सांडव्यातून निघून साकीनाका, कुर्ला, कलिना, धारावी असे सुमारे अठरा किलोमीटर वाहून ही नदी माहीमच्या खाडीस मिळते. विमानतळाला धावपट्टी हवी होती, नदीला काटकोनात वळविण्यात आले. शहराला नवे व्यापारी केंद्र हवे होते, वांद्रे-कुर्ल्याच्या खाजणात भराव पडला. कारखानदारांना सांडपाणी सोडायला जागा हवी होती, आणि ज्यांना कोठेच जागा मिळाली नाही त्या गरिबांनी काठावर झोपड्या घातल्या. यांपैकी एकही गोष्ट एकट्याने नदी बुडविण्याइतकी मोठी नव्हती. प्रत्येकास आपापल्या खात्याची परवानगी वा आपापल्या गरजेचे समर्थन होते. बेरीज मात्र कोणी केली नाही. ती २६ जुलैच्या पावसाने केली. नंतर माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने कारणांची तपशीलवार छाननी केली, मिठीसाठी स्वतंत्र प्राधिकरणही नेमले गेले. पण दोष देण्याची वेळ आली की बोट अजूनही काठावरच्या झोपडीकडेच प्रथम जाते. धावपट्टीकडे व मनोऱ्यांकडे बोट दाखवावयास अधिक धैर्य लागते.

बेरीज कोणी करीत नाही, याचे मूळ आपल्या कायद्याच्या रचनेतच आहे. १९९४ साली प्रथम, आणि मग २००६ साली नव्या स्वरूपात, प्रकल्पांच्या पर्यावरणीय परिणामांचे मूल्यमापन सक्तीचे झाले. हे पाऊल योग्य होते, आम्ही त्याचे मोल कमी लेखत नाही. परंतु मूल्यमापन होते ते एकेका प्रकल्पाचे, नदीच्या सबंध खोऱ्याचे नव्हे. अहवाल लिहिणारा सल्लागार नेमतो तो प्रकल्पाचा मालकच, आणि त्याची फीही तोच देतो. ज्या परीक्षकाचे मानधन परीक्षार्थी देतो त्याच्याकडून नापासाचा शेरा येईल अशी अपेक्षा भाबडेपणाची आहे. मेट्रोसारख्या प्रकल्पांना तर २००६ च्या यादीत स्थानच दिलेले नव्हते. आणि परवानगीवाचून बांधून टाकलेल्या कामास मागाहून मंजुरी देण्याची प्रथा सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये अवैध ठरविली असता त्याच वर्षी नोव्हेंबरात बहुमताने तो निर्णय मागे घेतला गेला. न्यायालयाच्या निवाड्याचा आम्ही आदर करतो. पण चुकीची दुरुस्ती मागाहून करता येते अशी भावना एकदा रुजली की आधी विचार करण्याचे कारणच उरत नाही, हे सांगितल्यावाचून राहवत नाही.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो प्रामाणिक आहे. लोकलच्या दारात लोंबकळणाऱ्या कारकुनाला मेट्रो हवी आहे, रस्ता हवा आहे, पूल हवा आहे. कांदळवन आणि ओढे यांच्या नावाने कामे अडवून त्याचे काय भले होणार? आमचे उत्तर असे की, आम्ही कामे अडवा असे म्हणतच नाही. आम्ही म्हणतो, काम असे करा की ते पहिल्याच पावसात बंद पडणार नाही. ९४४ मिलिमीटर पाऊस पोटात घेईल अशी गटारे बांधणे कोणत्याही शहराला परवडणार नाही, हेही आम्ही जाणतो. म्हणूनच खरे शहाणपण पाण्याला हरविण्यात नसून, पाणी येईल तेव्हा ते कोठे थांबेल हे आधी ठरविण्यात आहे. स्थानकाचा उंबरा किती उंच असावा, इस्पितळाचे वीजजनित्र तळघरात असावे की मजल्यावर, कोणते मैदान चार तास तळे झाले तरी चालेल, हे प्रश्न आराखड्याच्या पहिल्या पानावर सोडविले तर त्यांना खर्च थोडा येतो. बांधकाम झाल्यावर सोडवू गेले तर तिप्पट येतो. हिंदमाता परिसरात वर्षानुवर्षे पाणी तुंबे. तेथील पाणी ओढून जवळच्या मैदानांखालील टाक्यांत साठविण्याची योजना महानगरपालिकेने अलीकडे अमलात आणली. ती सर्व दुखण्यांवर औषध नव्हे. पण पाण्याला जागा द्यावी लागते हे तत्त्व तीत मान्य झाले, याबद्दल तिचे अभिनंदन केलेच पाहिजे.

या बाबतीत हॉलंडचा धडा घेण्याजोगा आहे. १९५३ च्या फेब्रुवारीत समुद्राच्या उधाणाने तेथे १८३६ माणसे बळी घेतली. त्याच महिन्यात तज्ज्ञांचे मंडळ नेमले गेले, १९५८ साली कायदा झाला, आणि पुढील चार दशके सरकारे बदलली तरी काम बदलले नाही. त्याहून महत्त्वाचे असे की, १९९३ व १९९५ च्या नद्यांच्या पुरांनंतर त्याच राष्ट्राने आपला विचार बदलला. बांध अधिक उंच करण्यावरच न विसंबता त्यांनी कित्येक ठिकाणी बांध मागे सरकविले आणि नदीला पसरावयास जमीन परत दिली. भिंती बांधण्यात ज्यांचा हात जगात कोणी धरणार नाही, त्यांनी भिंतीची मर्यादा ओळखली. आपण मात्र मिठीच्या दोन्ही काठांना भिंती घालून नदी सुधारली असे समाधान मानतो.

तेव्हा करावयाचे काय? आमच्या चार सूचना आहेत. एक: मुंबईच्या प्रत्येक नदीचे व नाल्याचे खोरे धरून पाण्याच्या वाटांचा नकाशा तयार व्हावा, तो विकास आराखड्याइतकाच बंधनकारक असावा, आणि त्याशी न जुळणारा प्रकल्प, मग तो सरकारचा असो वा खाजगी, निविदेपर्यंत पोहोचूच नये. दोन: परिणामांचा अहवाल लिहिणारे तज्ज्ञ प्रकल्पाच्या मालकाने न निवडता स्वतंत्र मंडळाने नेमावेत, आणि पैसा मालकाकडून घेऊन त्या मंडळामार्फत द्यावा. तीन: हा अहवाल जनसुनावणीपूर्वी पुरता मराठीत प्रसिद्ध व्हावा, ज्यांच्या दारात पाणी येणार त्यांना ते आपल्या भाषेत वाचता आले पाहिजे, आणि ज्यांना काठावरून उठवावे लागेल त्यांचे घर आधी, भिंत नंतर. चार: प्रत्येक बांधकामाच्या अंदाजपत्रकात पुढील तीस वर्षांच्या तपासणीचा व दुरुस्तीचा खर्च वेगळा काढून ठेवावा. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल प्रवाशांनी भरलेल्या एस. टी. गाड्यांसह वाहून गेला. त्या पुलाने आपले आयुष्य इमानाने पुरे केले होते. त्याचे वय मोजण्याचे काम आपण केले नव्हते.

२०२२ च्या मार्चमध्ये मुंबईचा हवामान कृती आराखडा प्रसिद्ध झाला. त्यात पुराचा विचार आहे, उष्णतेचा आहे, हरित जागांचाही आहे. आराखड्यांची या शहरात कधीच वाण नव्हती. वाण आहे ती त्यांना पहिल्या पानावर जागा देणाऱ्या निर्धाराची. १९९३ चा अहवाल बारा वर्षे कपाटात राहिला त्याची किंमत कोणी मोजली, हे त्या रात्री घरी न परतलेल्यांच्या घरांत विचारावे. नव्या आराखड्याचे तसे होऊ द्यावयाचे नसेल तर नागरिकांनीही केवळ आपल्या गल्लीतले पाणी ओसरले की विषय सोडून देण्याची सवय टाकली पाहिजे. निवडणुकीत मत मागावयास येणाऱ्या प्रत्येकास एकच प्रश्न विचारावा: आमच्या प्रभागातले पाणी कोणत्या वाटेने समुद्राला जाते, आणि ती वाट आज मोकळी आहे काय? ज्याला याचे उत्तर देता येत नाही, त्याने पुढच्या पुलाच्या कोनशिलेवर आपले नाव कोरून घेण्याची घाई करू नये.