मोटारीच्या ब्रेक पेडलाचा घट्टपणा : द्रवचालित यंत्रणेतील सुधारणा व तिच्या मर्यादा

ब्रेकचे पेडल पायाखाली मऊ लागते, ही मोटारमालकांची नित्याची तक्रार होय. त्यावर उपाय म्हणून मोठ्या व्यासाचा मास्टर सिलिंडर, पोलादी जाळीचे होस पाइप यांसारखे सुटे भाग बसवून घेण्याकडे, विशेषतः तरुण मालकांचा, कल दिसतो. पेडल घट्ट झाले म्हणजे ब्रेक सुधारला, असा समज त्यामागे असतो. तो कितपत खरा आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो, या पास्कलच्या नियमावर ही यंत्रणा उभी आहे. पेडल दाबले की मास्टर सिलिंडरमधील दट्ट्या ब्रेक ऑइल पुढे रेटतो आणि कॅलिपरमधील दट्ट्या लायनर चकतीवर आवळतो. द्रव जवळजवळ दबत नाही. म्हणून पेडल मऊ लागते तेव्हा पायाची हालचाल अन्यत्र कोठे तरी खर्ची पडत असते. नळ्यांत हवेचे बुडबुडे असतात, किंवा जुने रबरी होस पाइप दाबाखाली फुगतात. मऊ पेडल आणि खोल जाणारे पेडल यांतही भेद केला पाहिजे. मागील ड्रममधील शू झिजून अंतर वाढले की पेडल खोल जाते, पण शेवटी कठीण लागते. पाय स्थिर ठेवला असताना पेडल हळूहळू खाली बसत असेल, तर मास्टर सिलिंडरच्या आतील रबरी सील निकामी झाले आहेत किंवा बाहेर कोठे तरी गळती आहे, असे समजावे.

आता मोठ्या मास्टर सिलिंडरचा हिशोब पाहू. १९.०५ मि.मी. व्यासाच्या दट्ट्याचे क्षेत्रफळ सुमारे २८५ चौ.मि.मी., तर २२.२२ मि.मी. व्यासाच्या दट्ट्याचे सुमारे ३८८ चौ.मि.मी. भरते. पायाचा जोर २०० न्यूटन आणि पेडलाचे गुणोत्तर ४ धरले, व बूस्टरची मदत सोडून दिली, तर दट्ट्यावर ८०० न्यूटन बल येते. लहान सिलिंडरमध्ये त्यापासून २.८ मेगापास्कल दाब निर्माण होतो, मोठ्यामध्ये केवळ २.०६. तेवढेच ऑइल ढकलण्यास पेडलाचा प्रवास २७ टक्क्यांनी कमी लागतो, हे खरे. परंतु तेवढाच ब्रेक लावण्यास पायाचा जोर ३६ टक्क्यांनी अधिक द्यावा लागतो. पेडल घट्ट वाटते ते यामुळे. उलटपक्षी मूळ मास्टर सिलिंडर तसाच ठेवून मोठ्या दट्ट्यांचे कॅलिपर बसविले, तर ऑइल अधिक लागून पेडल आणखी खोल जाते.

जाळीच्या होस पाइपांचे तसे नाही. ते कमी फुगतात व दाबात काही गमावत नाहीत. मात्र मूळ रबरी पाइप सुस्थितीत असतील तर फरक थोडाच जाणवतो.

या सर्वांत दुर्लक्षित राहते ते ऑइल. ग्लायकोलयुक्त ऑइल हवेतील आर्द्रता शोषून घेते, आणि कोकणातल्या पावसाळ्यात तिला तोटा नाही. ताज्या ‘डॉट ३’ चा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस व ‘डॉट ४’ चा २३० असावा लागतो, सुमारे ३.७ टक्के पाणी मुरल्यावर या किमान मर्यादा अनुक्रमे १४० व १५५ वर येतात. (‘डॉट ५’ ही यापुढची पायरी वाटते, पण ते सिलिकोनचे असते, ग्लायकोलच्या ऑइलात मिसळू नये, शिवाय किंचित अधिक दबते.)

घाट उतरताना या आकड्यांना अर्थ येतो. महाबळेश्वरहून आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरताना गाडी १२०० मीटरहून अधिक खाली येते. १००० किलोग्रॅमच्या गाडीची १२०० मीटरची स्थितिज ऊर्जा सुमारे १ कोटी १८ लाख ज्यूल होते. ताशी ८० कि.मी. वेगावरून ४८ वेळा थांबण्याइतकी. खालच्या गिअरमध्ये इंजिन तिचा मोठा वाटा उचलते. न्यूट्रलमध्ये गाडी सोडणारा तो सारा ब्रेकवर टाकतो. ऑइल उकळले की वाफ होते, आणि वाफ दबते.

प्रस्तुत लेखकाने पेडल मऊ लागते म्हणून एका गॅरेजमध्ये मोठा मास्टर सिलिंडर बसवून घेतला होता. ऑइल किती जुने, हे ना त्यांनी विचारले, ना मी सांगितले. सपाट रस्त्यावर पेडल उत्तम घट्ट होते. याच घाटात अर्ध्या उतारावर ते तळाला टेकले; हँडब्रेक आणि पहिला गिअर यांनी गाडी कशीबशी कडेला लागली. अर्ध्या तासाने ऑइल निवले व पेडल पूर्ववत घट्ट झाले, त्यामुळे दुसऱ्या दिवशी तपासणीत दोष काहीच दिसेना. बाहेर काढलेले ऑइल मात्र काळपट तपकिरी होते. पुढे मूळ मापाचा सिलिंडर पुन्हा बसविला, नवे ‘डॉट ४’ भरून चारही चाकांची हवा काढली, मागील ड्रमचे अंतर जुळविले. पेडल आता त्या वेळेइतके घट्ट नाही. मात्र दर दोन वर्षांनी ऑइल बदलले जाते.